आपली मालिका, त्यांचा प्रचार: आशियाई नाट्यमालिकांवरील वादांचा आढावा

२२ मार्च २०२१ रोजी दक्षिण कोरियातील एसबीएस वाहिनीवर 'जोसन एक्सॉर्सिस्ट' ही मालिका सुरू झाली आणि २६ मार्चला वाहिनीने ती कायमची बंद केली. दाखवले गेले ते दोनच भाग. चित्रीकरण ८० टक्क्यांच्या आसपास आटोपले होते, तरीही वाहिनीने नुकसान सोसले. निमित्त झाले पहिल्या भागातल्या एका मेजवानीचे. पुढे सेजोंग म्हणून गाजलेला, कोरियन लिपीचा जनक मानला जाणारा राजपुत्र उइजू या सरहद्दीवरच्या गावात एका परदेशी पाद्र्याला जेवू घालतो, तेव्हा मेजावर चिनी मूनकेक आणि चिनी पद्धतीने मुरवलेली काळी अंडी मांडलेली दिसतात. मिंग साम्राज्याची हद्द जवळच होती म्हणून तसे दाखवले, हा वाहिनीचा खुलासा कुणी मनावर घेतला नाही. राजा तेजोंगला खुनशी दाखवल्याबद्दल राजघराण्याच्या वंशजांच्या संघटनेने निषेध नोंदवला, आणि जाहिरातदार एकामागून एक पाय काढते झाले.

बाहेरच्या प्रेक्षकाला हा राईचा पर्वत वाटेल. पण चारच महिने आधी एका चिनी वृत्तपत्राने सिचुआनच्या लोणच्याला मिळालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा संबंध कोरियन किमचीशी जोडला होता, आणि हानबोक हा पोशाख मुळात कुणाचा यावरून दोन्ही देशांचे तरुण एकमेकांवर तुटून पडले होते. त्या तापलेल्या तव्यावर मूनकेक पडला. कोरियन प्रेक्षकांच्या मते हा चिनी सांस्कृतिक घुसखोरीचा प्रचार होता. अनेक परदेशी चाहत्यांच्या मते ही निव्वळ झुंडशाही होती.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आशियाई मालिकांभोवती असे वाद वारंवार झडले. त्यांत दोन आरोप ठरलेले असतात. पहिला, ही मालिका म्हणजे प्रचार आहे. दुसरा, हे म्हणणारे दुटप्पी आहेत. या दोन आरोपांचा प्रवास, त्यांमागच्या भूमिका आणि न सुटलेले प्रश्न यांचा हा आढावा.

वाद इथवर कसा आला

मालिका देशाबाहेर गेली की तिच्यासोबत देशही जातो, हे जपानच्या 'ओशिन'ने दाखवून दिले. एनएचकेने १९८३-८४ मध्ये दाखवलेल्या या २९७ भागांच्या मालिकेतील सोशीक, कष्टाळू नायिका पुढे डझनावारी देशांत पोचली. युद्धकाळातील जपानची जुनी प्रतिमा पुसायला तिने हातभार लावला, असे अभ्यासक मानतात. तिच्या लोकप्रियतेचा धसका घेणारेही होते. १९८९ मध्ये इराणच्या रेडिओवर एका स्त्रीने आपला आदर्श म्हणून पैगंबरकन्या फातिमाऐवजी ओशिनचे नाव घेतले, तेव्हा तिथले सर्वोच्च नेते खोमेनी संतापले आणि नभोवाणीच्या अधिकाऱ्यांवर शिक्षेची वेळ आली.

कोरियाची कथा मुख्यतः व्यापाराची. 'जुरासिक पार्क' या एका चित्रपटाची कमाई १५ लाख ह्युंदाई मोटारींच्या निर्यातीइतकी आहे, हा हिशेब १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे मांडला गेला आणि मनोरंजन हा सरकारी धोरणाचा विषय बनला. २००३ मध्ये 'विंटर सोनाटा'ने जपानी गृहिणींना वेड लावले. ऑगस्ट २०११ मध्ये त्याच जपानमध्ये 'कोरियन मालिका फार झाल्या' म्हणत फुजी टीव्हीच्या मुख्यालयावर मोर्चा निघाला. २०१६ मध्ये अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा कोरियात बसवण्यावरून चीन बिथरला आणि कोरियन मालिका चिनी पडद्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. चीनने अशी बंदी असल्याचे अधिकृतपणे कधीच मान्य केले नाही.

याच २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स एकदम १३० नव्या देशांत उतरले. भारत, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम त्यांतलेच. पूर्वी मालिका देशोदेशी वेगवेगळ्या वेळी, स्थानिक वाहिनीच्या चाळणीतून पोचायची. आता तोच भाग सेऊल, हनोई, मनिला आणि नाशिक इथे एकाच आठवड्यात पाहिला जाऊ लागला. प्रेक्षक एक झाले, इतिहास मात्र ज्याचा त्याच्यापाशी राहिला.

पहिली भूमिका: पैसा कुणाचा, परवाना कुणाचा

एका गटाचे म्हणणे सरळ आहे. ज्या मालिकेमागे सरकारचा पैसा किंवा मंजुरी आहे, ती कितीही देखणी असली तरी प्रचारच होय. हा आरोप सर्वाधिक होतो तो चिनी मालिकांवर, आणि त्याला आधारही भक्कम आहे. १९८७ पासून चीनच्या सांस्कृतिक धोरणात 'मुख्य सूर' ही संकल्पना आहे. पक्षाला मान्य असलेली मूल्ये ज्यात ठळक येतात अशा कलाकृतींना निधी आणि मोक्याच्या प्रसारणवेळा मिळतात. २०१७ ची भ्रष्टाचारविरोधी 'इन द नेम ऑफ द पीपल' ही मालिका सर्वोच्च सरकारी अभियोग कार्यालयाच्या पाठबळाने झाली. त्याआधी २००४ पासून भ्रष्टाचारावरील मालिकांना ऐन संध्याकाळच्या वेळा बंद होत्या. म्हणजे विषय तोच, पण तो कधी दाखवायचा हे सरकार ठरवणार.

तरीही 'सरकारी म्हणजे टाकाऊ' हे समीकरण चिनी प्रेक्षकांनीच मोडले. जानेवारी २०२१ मधील 'मिनिंग टाउन' ही २३ भागांची मालिका दारिद्र्य निर्मूलनाच्या सरकारी मोहिमेवर बेतलेली आहे. ज्या वसाहतीची ही गोष्ट, तिचे नावच १९९७ मध्ये फूच्येन प्रांतातील तेव्हाचे पक्षनेते शी जिनपिंग यांनी दिलेले. पण मालिका सुरू होते ती योजना फसताना. नव्या वसाहतीत हलवलेली कुटुंबे वाळूच्या वादळांना कंटाळून रातोरात जुन्या गावी पळून आली आहेत आणि नवखा अधिकारी मा दफू त्यांना परत न्यायला दारोदार फिरतो आहे. पुढे शेतकरी अळंबीची लागवड करतात, भाव कोसळतो, आणि अळंबीचा तज्ज्ञ पदरचे पैसे घालून माल उचलतो. चाहते म्हणतात, एवढी अडचण दाखवणारी मालिका प्रचार कशी? टीकाकार उत्तर देतात, अडचणी दाखवल्या म्हणूनच शेवटी यंत्रणेवरचा विश्वास पक्का होतो. कुशल प्रचार असाच असतो.

उलट सप्टेंबर २०२० मधील 'हीरोज इन हार्म्स वे' या करोनावरील मालिकेला चिनी प्रेक्षकांनीच झोडपले. तातडीच्या कामासाठी बसचालक पुढे यायला सांगितले जाते, पुरुष चालक नावे देतात, आणि 'एकही महिला नाही का?' असे विचारल्यावर एक चालक बाई घरची अडचण सांगून मागे राहते. वुहानच्या मदतीला गेलेल्या वैद्यकीय पथकांत बहुसंख्य स्त्रिया असताना हे दृश्य कसे लिहिले गेले, असा संतप्त सवाल झाला. जपानविरोधी युद्धमालिकांचेही तेच. 'अँटी-जॅपनीज हीरोज'सारख्या मालिकेत नायक नुसत्या हातांनी जपानी सैनिक उभा फाडतो, तेव्हा चिनी तरुणांनी त्याची खिल्ली उडवली, आणि २०१३ मध्ये खुद्द सरकारी यंत्रणेलाच अशा मालिकांना लगाम घालावा लागला.

ही कसोटी लावायची तर ती लोकशाही देशांनाही लागते. चिनी आक्रमणाची कल्पना करणाऱ्या तैवानच्या 'झीरो डे अटॅक' (२०२५) या मालिकेला तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाची मदत होती. विरोधी कुओमिन्तांग पक्षाने तिला सत्ताधाऱ्यांचा प्रचार ठरवले. पाकिस्तानात लष्कराच्या जनसंपर्क विभागाने 'अल्फा ब्रॅव्हो चार्ली'पासून 'एहद-ए-वफा'पर्यंत अनेक मालिकांना हात दिला. 'डिसेंडन्ट्स ऑफ द सन' या २०१६ च्या कोरियन मालिकेवर थायलंडचे तत्कालीन लष्करी पंतप्रधान प्रयुत इतके खूश झाले की देशभक्ती शिकवणाऱ्या अशा मालिका आपल्याकडेही व्हाव्यात, असे ते जाहीरपणे म्हणाले. तीच मालिका व्हिएतनाममध्ये दाखवण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा कोरियन गणवेश पाहून तिथे अनेकांना व्हिएतनाम युद्धातले कोरियन सैनिक आठवले.

दुसरी भूमिका: मापे सारखी लावा

दुसऱ्या गटाला पहिल्याचे मुद्दे नाकारायचे नसतात. त्यांचा आक्षेप निवडीवर असतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, एवढ्यात त्यांची तक्रार सांगता येते. चिनी मालिकेतला पोलीस कर्तव्यदक्ष निघाला की तो प्रचार, मग अमेरिकी मालिकेतला हेर जग वाचवतो ते काय? अमेरिकेचे संरक्षण खाते चित्रीकरणासाठी जहाजे आणि विमाने देते, आणि बदल्यात संहिता वाचून सूचना करते. हे गुपित नाही. '२४' या मालिकेतील नायक छळ करून माहिती काढतो, त्याचा परिणाम खऱ्या सैनिकांवर होतो आहे, हे सांगायला नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील एका ब्रिगेडियर जनरलला निर्मात्यांची भेट घ्यावी लागली.

या भूमिकेची सर्वांत कडक परीक्षा झाली ती 'थ्री बॉडी'वर. मूळ कादंबरीचे चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांनी २०१९ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत शिनजियांगमधील उइगूर मुस्लिमांबाबतच्या चिनी धोरणाची बाजू घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये पाच अमेरिकी सिनेटरांनी नेटफ्लिक्सला पत्र लिहून अशा लेखकाच्या कादंबरीवर मालिका का, असा जाब विचारला. लेखकाची मते आमची नाहीत आणि मालिकेचे निर्माते वेगळे आहेत, असे उत्तर कंपनीने दिले. मार्च २०२४ मध्ये मालिका आली ती सांस्कृतिक क्रांतीतील दृश्याने सुरू होऊन: भर सभेत एका प्राध्यापकाला बडवून मारले जाते आणि मुलगी गर्दीतून पाहत असते. आता चिनी प्रेक्षकांतला मोठा गट चिडला. चीनचे वाईट तेवढे अमेरिकी दाखवतात, असा त्याचा सूर होता. गंमत अशी की कादंबरीच्या इंग्रजी अनुवादात हाच प्रसंग सुरुवातीला आहे, आणि तो तिथे असावा ही खुद्द लेखकाची पसंती होती. टेनसेंटच्या २०२३ च्या चिनी मालिकेत मात्र त्या कालखंडाची धार बोथट केलेली आहे.

याच प्रकरणात 'दुटप्पीपणा' या आरोपाची मर्यादाही दिसते. टीकाकार पक्षपाती आहे हे सिद्ध झाले, म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही. अमेरिकी लष्कर संहिता वाचते म्हणून चिनी परवाना पद्धत सौम्य होत नाही, आणि चीनमध्ये परवाना लागतो म्हणून '२४'मधला छळ निरुपद्रवी होत नाही. दोन्ही बाजूंचे विचारी चाहते हे मान्य करतात, पण वाद पेटल्यावर बहुधा विसरतात.

तिसरी भूमिका: ही आमची जखम आहे

डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ दरम्यान जेटीबीसी या कोरियन वाहिनीवर आलेली 'स्नोड्रॉप' हा या सगळ्या वादातला सर्वांत गुंतागुंतीचा अध्याय. काळ १९८७ चा. मुलींच्या वसतिगृहात रक्ताने माखलेला एक तरुण शिरतो. नायिका त्याला लोकशाहीवादी आंदोलक समजून लपवते, पण तो निघतो उत्तर कोरियाचा हेर.

परदेशी प्रेक्षकाला ही ओळखीची प्रेमकथा वाटली. कोरियनांना मात्र त्या गैरसमजातच विष दिसले. हुकूमशाहीच्या काळात सरकारने विद्यार्थ्यांना उत्तरेचे हस्तक ठरवूनच छळले होते. जानेवारी १९८७ मध्ये पाक जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या ताब्यात पाण्यात बुडवून केलेल्या छळाने मेला, आणि मेजावर हात आपटताच तो कोसळला, असे पोलिसांनी सांगितले. अशा काळात 'आंदोलक वाटलेला तरुण खरोखरच हेर होता' हे कथानक म्हणजे त्या खोट्या आरोपाला मागाहून दिलेला पुरावा, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे. आंदोलनातले एक गाणे हेराच्या पाठलागावर वाजवले गेले, याने आगीत तेल पडले. मालिका बंद करा या मागणीला काही दिवसांत तीन लाखांवर सह्या मिळाल्या आणि प्रायोजक पळाले.

दुसऱ्या बाजूला नायिका झालेल्या, ब्लॅकपिंक या कोरियन पॉप गटातील जिसूचे जगभरचे चाहते होते. निदान मालिका पूर्ण होऊ द्या, मग बोला, असे ते म्हणत. 'तुम्हाला आमचा इतिहास ठाऊक नाही' असे कोरियन प्रेक्षक सुनावत, तर 'मग जगाला विकता कशाला?' असे प्रत्युत्तर येई. सेऊलच्या न्यायालयाने प्रसारण थांबवायला नकार दिला. मालिकेचा इतिहासाकडे पाहण्याचा दृष्टिकोन विपर्यस्त मानला तरी जनता तो डोळे झाकून स्वीकारेल असे नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. मालिका पूर्ण दाखवली गेली. 'जोसन एक्सॉर्सिस्ट' आणि 'स्नोड्रॉप' या दोन्हींवर जनक्षोभ झाला, शेवट मात्र वेगळे झाले. आणि दोन्ही वेळा बंदीचा सरकारी आदेश नव्हता.

जखमेचा हक्क फक्त कोरियनांना नाही, हे ऑक्टोबर २०२२ मध्ये 'लिटल विमेन'वरून दिसले. एका कोरियन सैनिकामागे वीस व्हिएत काँग मारल्याचा हिशेब त्यातली पात्रे बोलतात. व्हिएतनाम युद्धात १९६४ ते १९७३ दरम्यान तीन लाखांहून अधिक कोरियन सैनिक लढले आणि त्यांच्यावर गावेच्या गावे मारल्याचे आरोप आहेत. सरकारच्या मागणीवरून नेटफ्लिक्सने व्हिएतनाममध्ये मालिका काढली, निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये सेऊलच्या न्यायालयाने फोंग न्यी गावातील १९६८ च्या हत्याकांडाबद्दल कोरियन सरकारला जबाबदार धरले. 'स्नोड्रॉप'च्या वेळी इतिहासाचा मान मागणारे या वेळी गप्प का, हा व्हिएतनामी प्रेक्षकांचा सवाल अनेक कोरियन चाहत्यांना झोंबला आणि काहींनी तो रास्तही मानला.

पण इथेच तिढा आहे. व्हिएतनाम सरकार हीच मागणी चिनी मालिकांबाबतही करते. २०२३ मध्ये 'फ्लाइट टू यू' ही चिनी मालिका तिथे काढली गेली ती दक्षिण चीन समुद्रावरील दाव्याची तुटक रेघ नकाशात दिसली म्हणून. लोकांची खरी जखम आणि सरकारची सेन्सॉरशिप अशा प्रकरणांत एकाच भाषेत बोलतात, आणि त्यांना वेगळे करणे बाहेरच्याला अवघड जाते.

आपल्या अंगणात

भारतीय प्रेक्षक या वादात नुसता बघ्या नाही. २३ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या झिंदगी वाहिनीने 'हमसफर', 'जिंदगी गुलजार है' घरोघरी नेल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर मनसेने पाकिस्तानी कलाकारांना मुंबई सोडण्यासाठी ४८ तासांची मुदत दिली आणि वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. ८ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने ओटीटी कंपन्यांना पाकिस्तानी आशय काढण्याची सूचना केली. त्या मालिकांत बहुतेक सासू, सून आणि हुंडा होता. प्रश्न आशयाचा नव्हताच, उगमाचा होता.

स्वतःच्या मालिकांना आपण तीच मापे लावतो का? लष्करी प्रशिक्षणावरची 'फौजी' (१९८९) दूरदर्शनवर आली. तिला फारसे कुणी प्रचार म्हटले नाही. 'द फॅमिली मॅन'चा दुसरा सीझन २०२१ मध्ये येत होता तेव्हा तमिळनाडू सरकारने श्रीलंकेतील ईलम तमिळांच्या चित्रणावर आक्षेप घेत केंद्राला बंदीसाठी पत्र लिहिले. उरलेल्या देशात अनेकांना त्यातला सल समजलाच नाही. २०२४ मध्ये विमान अपहरणावरील 'आयसी ८१४'वरून उलट बाजूने वादळ उठले. अपहरणकर्त्यांना 'भोला', 'शंकर' अशा हिंदू नावांनी संबोधल्याबद्दल मालिकेवर आरोप झाले. ती टोपणनावे सरकारच्याच जानेवारी २००० च्या निवेदनात होती, तरी मंत्रालयाने बोलावल्यावर नेटफ्लिक्सने आरंभीच्या सूचनेत खरी नावे घातली.

अभ्यास काय सांगतात

चाहते ज्यावरून भांडतात, त्या परिणामाबद्दल संशोधन तुलनेने थोडे आहे. डॅनिअल मॅटिंग्ली आणि इलेन याओ यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनमधील ६,८०० हून अधिक लोकांना राष्ट्रवादी मालिकांतील आणि माध्यमांतील खरी दृश्ये दाखवली. परकीयांविषयीचा राग आणि विरोध वाढला, आणि तो आठवडाभर टिकू शकतो असेही दिसले. पण स्वतःच्या सरकारविषयीचे मत त्याने बदलले नाही. म्हणजे 'गोष्ट आहे, सोडून द्या' म्हणणारे आणि 'ब्रेनवॉश होतो' म्हणणारे दोघेही अर्धेच बरोबर.

आपल्याकडे अरविंद राजगोपाल यांनी दूरदर्शनच्या 'रामायण'चा (१९८७-८८) अभ्यास करताना आणखी एक गोष्ट दाखवली. मालिका एकटी राजकारण घडवत नाही. ती एक समान पडदा उभा करते आणि त्याचा उपयोग बाहेरचे राजकारण करते. त्यामुळे एखाद्या मालिकेचा हेतू शोधून तिचा परिणाम कळेलच असे नाही.

काय सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न कलावंतांचा. मार्च २०२१ मध्ये सक्तमजुरीच्या आरोपांमुळे शिनजियांगचा कापूस नाकारणाऱ्या परदेशी ब्रँडशी अनेक चिनी तारे-तारकांनी करार तोडले. त्यांत स्वतः उइगूर असलेली दिलराबा दिलमुरातही होती. ते निवेदन तिचे मत, व्यवसायाची गरज की दडपण, हे बाहेरून ठरवता येत नाही. याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानी युद्धमृतांच्या यासुकुनी मंदिराजवळची जुनी छायाचित्रे निघाली आणि 'वर्ड ऑफ ऑनर'चा नायक चांग चहान याच्यावर बहिष्कार पडला. मालिकाही चिनी मंचांवरून नाहीशी झाली. जुन्या छायाचित्रांची किंमत एवढी असेल तर बोललेल्या शब्दाचे वजन किती धरायचे?

दुसरा प्रश्न बाजाराचा. चीनमध्ये सरकार थांबवते, कोरियात जाहिरातदार थांबवतात. पहिली सेन्सॉरशिप आणि दुसरी ग्राहकांचा हक्क, अशी विभागणी सोयीची आहे, पण 'जोसन एक्सॉर्सिस्ट'चे उरलेले भाग दोन्ही प्रकारांत सारखेच अदृश्य राहतात. या दोहोंत फरक कुठे सुरू होतो, यावर अभ्यासकांतही एकमत नाही.

तिसरा प्रश्न कसोटीचा. पैसा कुणी दिला, ही कसोटी 'मिनिंग टाउन'पुढे अपुरी पडते, कारण सरकारी पैशातून चांगली कलाही निघते. आशय काय, ही कसोटी प्रेक्षकाच्या देशाप्रमाणे बदलते. त्यातल्या त्यात उपयोगी ठरते ती तिसरी: याच विषयावरची उलटी गोष्ट त्याच देशात, त्याच मंचावर, शिक्षेशिवाय सांगता येते का? या प्रश्नाला चीनकडून येणारे उत्तर आणि कोरिया, तैवान, अमेरिका किंवा भारताकडून येणारी उत्तरे एका मापाची नाहीत. पण यांपैकी एकाही देशाला पूर्ण गुण मिळत नाहीत, आणि कोणत्या देशाचे किती कापायचे, यावर पुढच्या मालिकेच्या वेळी भांडण पुन्हा होईलच.